न टेकलेली पाठ

आमच्या साखर कारखान्यात कुणाला सभेत डुलकी लागली की शेजारचा अजूनही कोपरानं ढोसून म्हणतो, "काय, डायव्हरमामा झाला का?" आणि सगळे हसतात. हसणाऱ्यांतल्या बहुतेकांनी मामांना पाहिलेलंही नाही. त्यांना एवढंच ठाऊक आहे की फार पूर्वी चेअरमनसाहेबांच्या गाडीवर एक डायव्हर होता, त्याला जर्मन साहेबानं मऊ खुर्ची करून दिली आणि तो त्या खुर्चीत झोपायला लागला, म्हणून त्याला घरी पाठवलं.

मी मामांना पाहिलं आहे. त्या गाडीत त्यांच्या शेजारी बसलो आहे. मामा कधीही झोपले नव्हते. हे सांगू शकेल असा आता मी एकटाच उरलो आहे, आणि ते झोपले असं पहिल्यांदा सांगणाराही मीच होतो.

मामांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांची नातवंडं नेवाशाकडे आहेत, नांदती आहेत. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. बुटका, काळाकभिन्न माणूस, भरघोस मिश्या, डोक्याला पांढराशुभ्र पटका. कुणीही पाहिलं तर गावचा पाटील वाटावा. तोंड मात्र फार वाईट. मी बेलापूरचा, मॅट्रिक होऊन टायपिंग शिकलेला, कारखान्यात नुकताच लागलेला. कचेरीत टायपिंग करायचो आणि चेअरमनसाहेबांबरोबर गाडीतून फिरायचो. पहिल्याच दिवशी मी चपलांसकट गाडीत चढलो तेव्हा मामांनी इंजिन बंद केलं, समोर बघत बसले आणि म्हणाले, "देवळात बी असंच जाता का, भाऊसाहेब?" चेअरमनसाहेब मागं बसलेले. ते स्वतः अनवाणी होते. त्यांचे जोडे मामांनी वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवलेले होते.

ती गाडी काळी होती आणि तिच्यात दोन वेगवेगळे मुलूख होते. मागच्या सीटवर पांढरे टॉवेल, कोपऱ्यात एक छोटा लोड, खिडक्यांना हिरवे पडदे, पाण्याचा तांब्या ठेवायला लोखंडी कडं, आणि चेअरमनसाहेब तंबाखू खायचे म्हणून पितळी पिकदाणी. मागचं सगळं मामांच्या हातचं. लोडाची खोळ ते घरून धुऊन, नीळ घालून आणायचे. पुढचा मुलूख मात्र उजाड. सलग लांब सीटवर मामांनी स्वतःच्या बाजूला जेवायचा लाकडी पाट ठेवला होता आणि त्यावर बसून ते गाडी चालवायचे. पाठीमागं, जिथं माणूस टेकतो तिथं, काथ्याचं पायपुसणं सुतळीनं आवळून बांधलेलं. चुकून पाठ लागली तर सदऱ्यातून टोचावं म्हणून. मी एकदा विचारलं, "मामा, हा काय छळ मांडलाय स्वतःचा?"

"छळ कसला? मालकाकडं पाठ करून बसायचं ही एक बेअदबी झाली. ती पोटासाठी करावी लागती. वर रेलून बसायचं ही दुसरी. ती कशापायी करू?"

"पण अंग दुखत नाही का?"

"दुखतं की. दुखतंय तवर मानूस जागा आसतो."

त्यांच्या शेजारी बसणाऱ्यालाही ही शिक्षा लागू होती. मी जरा मागं रेललो की त्यांचा उजवा हात स्टिअरिंगवर आणि डावं कोपर माझ्या बरगडीत. मला डुलकी लागली तर थेट हॉर्न. एकदा श्रीरामपूरच्या रस्त्यात त्यांनी माझ्यासाठी असा हॉर्न दिला की पुढची बैलगाडी खड्ड्यात उतरली आणि गाडीवानानं आमच्या सात पिढ्या काढल्या. मामांनी शांतपणे मान वळवून मला सांगितलं, "ऐका. हे तुमच्यासाठी हाय." लांबच्या फेरीला निघताना ते पोटभर जेवत नसत. अर्धी भाकरी, दोन हिरव्या मिरच्या. "पोट भारलं की डोळं भारत्यात." खिडकी कधी लावत नसत. धुळीनं मिश्या पांढऱ्या व्हायच्या, पण काच खालीच. "काच लावली की रस्ता ऐकू येत न्हाई."

एकूण काय, गाडीतलं सुख हे मागच्यासाठी असतं आणि पुढच्यानं ते पुरवायचं असतं, यात मामांना काडीची शंका नव्हती. आम्हालाही नव्हती. आमच्या भागात सगळ्यांच्याच गाड्या तशा होत्या, फक्त कुणी पायपुसणं बांधत नव्हतं.

दुष्काळाचं वर्ष होतं. ऊस वाळला होता, विहिरींचे तळ दिसत होते, आणि नेमकं त्याच वर्षी कारखान्यात नवी यंत्रं बसवायचं आधीच ठरलेलं. ती उभी करायला जर्मनीहून एक इंजिनिअर आला. उंच, लालबुंद, गुडघ्यापर्यंतची चड्डी घालणारा, मनानं फार सरळ माणूस. त्याला इंग्रजी मोडकं येत होतं, मलाही मोडकं येत होतं, म्हणून मला त्याचा दुभाष्या नेमलं. मी अजून कायम झालो नव्हतो. ही संधी होती.

पहिल्या दिवशी त्याला न्यायला चेअरमनसाहेबांचीच गाडी गेली आणि मामांनी मागचं दार उघडून धरलं. जर्मन साहेबानं ते स्वतःच्या हातानं लावून टाकलं आणि तो पुढं येऊन बसला. मी मध्ये, मामा पाटावर. मामांनी गाडी सुरूच केली नाही.

"भाऊसाहेब, त्यांना मागं बसवा. लोक म्हनतील, दोन डायव्हर चालले."

मी सांगितलं. साहेब हसला आणि म्हणाला की मागं लहान मुलं आणि सामान बसतं. गाडीतली सगळ्यांत चांगली जागा चालवणाऱ्याची, कारण सगळ्यांचा जीव त्याच्या हातात असतो.

मी हे मराठीत केलं तेव्हा मामांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच काहीतरी अचकटविचकट बोललो होतो. "हे त्यांच्या मुलखात आसंल," ते म्हणाले, आणि गिअर टाकला.

त्यानंतर काचेचं युद्ध सुरू झालं. साहेब धूळ येते म्हणून आपली काच वर घ्यायचा आणि मामांनाही खूण करायचा. मामा वर घ्यायचे, वळण आलं की हळूच खाली. साहेब पुन्हा खूण करायचा. मामा पुन्हा वर. श्रीरामपूर येईस्तोवर हाच उद्योग. मला हसू आवरायचं नाही. एकदा साहेबाचा हात त्या काथ्याच्या पायपुसण्याला लागला. त्यानं ते चाचपलं, पाट चाचपला, मग मामांची पाठ पाहिली. मला विचारलं, ही शिक्षा याला कुणी दिली? मी म्हटलं, कुणी नाही, ही त्याची पद्धत आहे. साहेबाला ते पटलंच नाही. त्याला वाटलं, मी मालकाची बाजू झाकतो आहे. त्याच्या डोळ्यांत मला खरंच दुःख दिसलं.

वर्कशॉपमध्ये त्यानं स्वतः चित्र काढून दोन खुर्च्या बनवून घेतल्या. पुढची अख्खी सीट काढून त्या जागी नटबोल्टनं बसवल्या. पाहुणा म्हणून चेअरमनसाहेबांनी आडकाठी केली नाही. लोखंडी सांगाडा, आत भरपूर काथ्या आणि स्पंज, वरून तपकिरी रेक्झिन, आणि पाठीच्याही वर डोकं टेकायला एक जाड उशी. मामा बुटके म्हणून खुर्ची खालून उचललेली, आणि पाठ मात्र साहेबानं स्वतःच्या मापाची केलेली. असली खुर्ची आमच्या भागात कुणी गाडीत पाहिली नव्हती. मान झटक्यानं मागं गेली तर मोडू नये म्हणून ती उशी, असं साहेबानं मला समजावलं. ते मी जमलेल्या फिटर लोकांना सांगितलं. एकानं ताबडतोब विचारलं, "मान मोडू नाय म्हनून का दाढी करताना हलू नाय म्हनून?"

साहेबानं मामांना बसायची खूण केली. मामा चपला काढून खुर्चीच्या कडेला टेकले, पाठ सरळ. साहेबानं दोन्ही खांद्यांना धरून, अगदी मायेनं, त्यांना मागं रेलवलं. तरी डोकं पुढंच होतं. मग त्यानं तळहात मामांच्या कपाळावर ठेवला आणि डोकं मागं दाबून उशीला लावलं. पटका वाकडा झाला.

"न्हावी बोलवा रं!"

"मामा, मिशीला हात नका लावू देऊ!"

"पानी कोमट हाय का, मामा?"

सगळं वर्कशॉप हसत होतं. मामांनी डोळे मिटले. मी अगदी जवळ, उघड्या दारापाशी उभा होतो. त्यांच्या पायाची बोटं आत वळलेली, मुठी आवळलेल्या. त्या माणसानं लोकांची तोंडं दिसू नयेत म्हणून डोळे मिटले होते. हे मला तेव्हाच कळलं, अगदी स्वच्छ कळलं. जर्मन साहेबाला मात्र वाटलं, याला सुख लागलं. तो माझ्याकडं वळून आनंदानं म्हणाला, बघ, या माणसाला आराम काय असतो हेच कुणी कधी दाखवलं नव्हतं.

संध्याकाळी मामा मला गाठून म्हणाले, "भाऊसाहेब, गोऱ्या सायेबाला नीट सांगा. त्यांचं मन लई मोठं हाय. पन माझा पाट मला परत द्या म्हनावं. मी मालकाच्या फुडं आसा उताना पडून गाडी न्हाई चालवू शकत."

मी त्यांच्यादेखत साहेबाला इंग्रजीत म्हणालो, तो तुमचे आभार मानतो आहे. साहेबानं मामांचा हात हातात घेऊन जोरात हलवला. मामांना वाटलं, काम झालं.

मी तसं का केलं? साहेबाला वाईट वाटेल म्हणून, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. खरं कारण साधं आहे. दोघांना एकमेकांचं बोलणं समजावून सांगायला बराच वेळ लागला असता, आणि साहेब माझ्यावर खूश होता तो तसाच राहायला हवा होता.

पाट मिळाला नाही. मामांनी त्या खुर्चीतही पाठ टेकली नाही. कडेला बसून, मागच्या रेक्झिनला स्पर्श न करता ते चालवायचे. पण मागून पाहणाऱ्याला काय दिसणार? दोन उंच तपकिरी पाठी, त्यांच्यावर दोन उशा, आणि एका उशीच्या पलीकडे पटक्याचा तुरा. चेअरमनसाहेबांना समोरचा रस्ता दिसेना. ते लोडावर डावीकडं-उजवीकडं सरकून बघायचे.

मग तो दुष्काळी कामाचा दिवस आला. नेवाशाच्या पुढं, कोरड्या भागात, रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या लोकांना भेटायला चेअरमनसाहेब निघाले. जर्मन साहेब कारखान्यावरच होता, म्हणून दुसऱ्या उंच खुर्चीत मी. गाडी थांबली तशी खडीवरची माणसं उठून आली. बायका पुढं. हातांना चिंध्या बांधलेल्या, केसांत पांढरी भुकटी. एक म्हातारी सरळ मामांच्या खिडकीशी आली आणि तिनं हात जोडले.

"सायेब, पान्याचा टँकर येत न्हाई वो. पोरं तळमळत्यात."

"आजी, मी डायव्हर हाय. सायेब मागं हायेत."

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून आत पाहिलं. हिरवा पडदा, समोर खुर्चीची पाठ. "मागं कुटं? मागं तर कुनी दिसत न्हाई."

"हायेत, आजी, मागं हायेत."

"गरिबाची चेष्टा करू नका, सायेब. एवढ्या मोट्या खुर्चीत का डायव्हर बसतो?" असं म्हणून तिनं खिडकीतून हात घालून मामांच्या गुडघ्याला हात लावला आणि तो स्वतःच्या कपाळाला लावला. मामा हबकून दाराबाहेर उडी मारायला निघाले, पण दाराशी ती उभी. मागं गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. मग बरेच हसले. मी माझ्या खुर्चीत जितकं खाली सरकता येईल तितका सरकलो.

चेअरमनसाहेब उतरलेच नाहीत. मागून आवाज आला, "चला."

परतीच्या वाटेवर पिकदाणीचाही आवाज झाला नाही. मामा गाडी अशी चालवत होते की जणू मागं मयत आहे.

बंगल्यावर पोचल्यावर चेअरमनसाहेबांनी मला आत बोलावलं. "त्या गोऱ्याला सांगा, खुर्च्या काढ म्हनावं."

"कारण काय सांगू, साहेब?"

"कारन तुमी शोधा. शिकलाय कशाला? पन त्याचं मन दुखवायचं न्हाई. त्याची यंत्रं आजून उभी व्हायचीत." थोडं थांबून म्हणाले, "तुमी बी चांगले पसरून बसला होता की पुढं."

कायम व्हायच्या यादीत माझं नाव होतं आणि यादी याच माणसाच्या सहीची.

मी रात्रभर विचार केला आणि मला फार हुशारीची वाटलेली युक्ती सुचली. जर्मन साहेबाला खरं सांगणं शक्य नव्हतं. डायव्हरची खुर्ची मालकापेक्षा उंच झाली, ही तक्रार त्याला इंग्रजीत सांगितली असती तर तो पोट धरून हसला असता. म्हणून मी त्याला त्याच्याच भाषेत समजेल असं कारण दिलं. म्हणालो, त्या खुर्चीत मामाला झोप येते. फार मऊ आहे. परवा गाडी चालवताना डोळे मिटलेले मी पाहिले.

माझा हिशोब सरळ होता. सुखानं झोप येते हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. झोप येते म्हटलं की कुणीही म्हणेल, मग काढा ती खुर्ची. मामांना पाट मिळेल, चेअरमनसाहेबांना रस्ता दिसेल, आणि कुणाचंच काही बिघडणार नाही.

जर्मन साहेबाचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, चांगल्या खुर्चीत माणूस ताजातवाना राहतो, वाईट खुर्चीत थकून झोपतो. चांगल्या खुर्चीतही जो झोपतो तो एक तर आजारी आहे, नाही तर आळशी. अशा माणसाच्या हातात गाडी एक तासही ठेवता येणार नाही. आणि मी काही बोलायच्या आत तो तरातरा चेअरमनसाहेबांच्या खोलीत गेला. त्याच्यामागून मी. तिथं तो बोलला आणि मी त्याचं मराठी केलं. माझंच खोटं मी माझ्याच तोंडानं साहेबांना पुन्हा सांगितलं.

चेअरमनसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. मामा झोपणारा माणूस नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? जन्मभर त्यांनी ती ताठ पाठच पाहिली होती. मी तिथंच म्हणायला हवं होतं, नाही, मी खोटं बोललो. साहेबांनी पिकदाणी जवळ ओढली, थुंकले आणि म्हणाले, "गोरा सायेब म्हनतो तर तसं. म्हातारीनं गुडघ्याला हात लावला तवापासून त्याचं बी डोकं फिरलंच आसंल. जा, तुमीच सांगा त्याला."

मामा गॅरेजमध्ये लोडाची खोळ बदलत होते. मी दारातूनच सांगितलं. गाडीत झोप लागली म्हणून साहेबांनी कामावरून कमी केलंय.

ते चिडतील, शिव्या देतील, मला धरून चेअरमनसाहेबांपुढं नेतील, असं मला वाटलं होतं. मी त्याची वाटही बघत होतो. त्यांनी नुसतंच विचारलं.

"मला? झोप? कवा?"

मी गाडीच्या चाकांकडं बघितलं.

"कुनी बघितलं?"

"मी," मी म्हणालो.

"तुमी बघितलं, भाऊसाहेब?"

"हो."

खोळ अर्धी चढवलेली होती. ती त्यांनी पूर्ण चढवली, लोड जागच्या जागी ठेवला, किल्ली माझ्या हातात दिली आणि गेले. जाताना चपला गाडीपासून लांब, दाराबाहेर जाऊन घातल्या.

पुढच्या महिन्यात मी कायम झालो. मला क्वार्टर मिळालं. जर्मन साहेब यंत्रं उभारून गेला, जाताना मला मिठी मारून गेला. तो गेल्यावर आठ दिवसांच्या आत खुर्च्या निघाल्या आणि जुनी सीट परत बसली. त्या खुर्च्यांचं काय झालं मला ठाऊक नाही. मामांची गोष्ट मात्र तोपर्यंत कारखानाभर झाली होती, आणि ती गोष्ट सांगून लोक हसले की मीही हसत होतो.

मामा मला त्यानंतर एकदाच भेटले, श्रीरामपूरच्या स्टँडवर. दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. मिश्या खाली लोंबलेल्या, पटका मळका. माझ्याकडं पाहून लगबगीनं उठले. मी ओळख न दाखवता निघून जाणार होतो, पण त्यांनी हात जोडले. भाच्यानं टेम्पो घेतला आहे म्हणाले, श्रीरामपूरहून माणसं आणि माल नेतो.

"मग तुम्हीच चालवत असाल," मी म्हणालो.

"छ्या. लई मागं लागला हुता. पन मी न्हाई बसलो स्टेरिंगवर. त्या दिवसापास्नं हात न्हाई लावला."

"का? लायसन तर आहे."

"लायसन हाय. पन भरवसा न्हाई ऱ्हायला." त्यांनी स्वतःच्या डोळ्यांकडं बोट दाखवलं. "सुरवातीला मला लई राग आला हुता, भाऊसाहेब. वाटलं, मानूस खोटं बोलतोय. मग घरी बसून बसून इचार केला. मला कायच आठवंना. आठवत न्हाई म्हंजी झोपच की. झोपलेल्याला कुटं कळतं झोपलोय म्हनून? तुमी शेजारी बसलेले, तुमी बघितलं. मागं मालक बसलेला आन माझं डोळं मिटलेलं. नशीब, कुनी मेलं न्हाई. आता भाच्याच्या टेम्पूत बाया-पोरं बसत्यात. त्यांचा जीव घिऊ का?"

मी म्हणालो, "मामा, कदाचित मला तेव्हा तसं वाटलं असेल. नीट पाहिलं नसेल मी." एवढंच मला जमलं.

त्यांनी मान हलवली. मलाच धीर दिल्यासारखा माझ्या दंडावर हात ठेवला.

"न्हाई, भाऊसाहेब. माझं मन राखू नका. तुमी बघितलं म्हंजी लागलीच आसंल. तुमाला खोटं बोलून काय मिळनार हुतं?"

बेलापूरची गाडी लागली होती. तिकडं घरी म्हातारे आई-वडील होते. त्यांना मी त्याच आठवड्यात माझ्या क्वार्टरवर राहायला आणणार होतो. मी गाडीत चढलो आणि मामा खाली उभे राहून गाडी हलेपर्यंत हात जोडून होते.